जुन्या मोटारीचे इंजेक्टर आणि शुद्धीची बाटली

पेट्रोल पंपावर टाकीचे झाकण उघडले, की नळी हाती घेतलेला मुलगा हल्ली पुष्कळ ठिकाणी आधीच विचारून घेतो, "साहेब, इंजेक्टर क्लीनर टाकू का?" बाटली मुठीत मावेल एवढी, किंमत काहीशे रुपये, आणि वेष्टनावरची आश्वासने मात्र ऐसपैस: अ‍ॅव्हरेज वाढेल, पिकअप सुधारेल, धूर कमी होईल, इंजिनाची झीज थांबेल. नव्या गाडीचा मालक या प्रश्नाकडे सहसा लक्ष देत नाही. परंतु जिच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली आहे, जिच्यापुढे आरटीओची तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर असा सगळा जमाखर्च उभा आहे, आणि जी सकाळी सुरू होताना थोडे आढेवेढे घेते, अशा गाडीचा मालक क्षणभर घुटमळतो. कारण तेवढ्या पैशांत गाडी खरोखर सुधारणार असेल, तर नकार देणारे आपणच अव्यवहारी ठरू, अशी धास्ती त्याच्या मनात असते. हा खर्च सार्थकी लागतो की नाहक जातो, याचे उत्तर गाडीच्या रचनेवर, तिच्यात साचलेल्या मळाच्या स्वरूपावर आणि बाटलीतील द्रवाच्या रसायनावर अवलंबून असते, आणि या तिन्हींची तहकीकात केल्यावाचून दिलेला होकार आणि दिलेला नकार, दोन्ही सारखेच निराधार होत.

पहिली खातरजमा अगदी प्राथमिक आहे: गाडीत इंजेक्टर आहे काय? प्रश्न थट्टेचा वाटेल, पण आपल्या देशात तो तसा नाही. मुंबईची पद्मिनी टॅक्सी, कलकत्त्याची जुनी अँबॅसडर आणि मध्यमवर्गाची पहिली मारुती ८०० या सर्वांत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करण्याचे काम कार्बोरेटरकडे होते. २००० सालच्या आगेमागे युरोपीय धर्तीचे उत्सर्जन-नियम अंमलात येऊ लागले, तेव्हा मारुती ८०० लाही इंजेक्टर बसले, आणि त्या काळच्या गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरे मोठ्या दिमाखाने मिरवू लागली. दुचाकींचा मामला याहून निराळा. भारत स्टेज ६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू होईपर्यंत बहुसंख्य स्कूटर आणि मोटारसायकली कार्बोरेटरवरच चालत होत्या. त्यामुळे २०१५ सालच्या साध्या स्कूटरच्या टाकीत इंजेक्टर क्लीनर ओतणारा मनुष्य ज्या अवयवाच्या शुद्धीसाठी पैसे मोजतो, तो अवयवच त्या गाडीत नसतो. तात्पर्य, आपल्याकडे हा विषय मुख्यतः २००० ते २०१५ या काळात रस्त्यावर आलेल्या चारचाकी पेट्रोल गाड्यांचा आहे. डिझेलचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

इंजेक्टर म्हणजे बोटभर लांबीची, विजेने उघडणारी झडप. पंपाने सुमारे तीन बार दाबाने रेटलेले पेट्रोल तिच्या मुखाशी थोपलेले असते. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या ईसीयूने वेटोळ्यात वीज सोडली, की आतील सुई किंचित मागे सरते, काही सहस्रांश सेकंद पेट्रोलचा तुषार इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर उडतो, आणि स्प्रिंग सुईला पुन्हा जागेवर बसवते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो. आणि सरासरी ताशी ४० किलोमीटर वेग व मिनिटाला २००० फेरे धरले, तर एक लाख किलोमीटरच्या प्रवासात ही उघडझाप सुमारे १५ कोटी वेळा झालेली असते. आता मुखावरील छिद्राचा व्यास ०.२ मिलिमीटर आहे असे समजू. त्याच्या कडेला सर्व बाजूंनी एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा थर बसला, तर व्यास ०.१९ मिलिमीटर उरतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने पेट्रोलची वाट जवळजवळ १० टक्क्यांनी अरुंद होते. डोळ्यांना दिसणारही नाही अशा थराने दशांश पेट्रोल अडावे, एवढे हे यंत्र सूक्ष्म आहे. शिवाय त्याच थरामुळे तुषाराचा आकार बिघडून बारीक फवाऱ्याऐवजी वाकडी धार पडू लागली, तर जे पेट्रोल आत जाते तेही नीट जळत नाही.

हा बिघाड ईसीयू सावरू पाहतो, आणि सावरण्याच्या प्रयत्नातच पुष्कळदा खर्च वाढतो. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरला सामान्य चार सिलिंडरांच्या इंजिनात चौघांचा एकत्रित वायूच कळतो. एकच इंजेक्टर तुंबला तरी सेन्सरला एकूण मिश्रण विरळ भासते; ईसीयू चौघांनाही थोडे अधिक पेट्रोल देण्याचा हुकूम सोडतो; आणि मग तुंबलेला सिलिंडर अर्धपोटीच राहतो व उरलेले तिघे गरजेपेक्षा जास्त पितात. गाडी उभी असताना इंजिन थरथरते, अधूनमधून मिसिंग करते आणि अ‍ॅव्हरेज घसरते, या तिन्ही तक्रारी एकदम का येतात याचा उलगडा येथे होतो.

हा थर जमतो तो इंजिन चालू असताना नव्हे. तेव्हा वाहत्या पेट्रोलने इंजेक्टर थंड व धुतलेला राहतो. इंजिन बंद होताच पाण्याचा आणि पेट्रोलचा प्रवाह थांबतो, सिलिंडर हेडमध्ये कोंडलेली उष्णता वर चढते, इंजेक्टरचे टोक शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि तेथे अडकलेल्या थेंबातील हलका अंश उडून जाऊन जड व अस्थिर हायड्रोकार्बन मागे उरतात. ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांची चिकट राळ बनते, आणि गुऱ्हाळातली तापलेली काहील रिकामी झाल्यावर तिच्या काठाला राहिलेली काकवी जशी करपून घट्ट बसते, तशी ती राळ दर वेळी थोडी थोडी त्या मुखावर चढत जाते. म्हणूनच मळाचे नाते गाडीच्या वयापेक्षा तिच्या सवयींशी अधिक जवळचे आहे. पुणे-कोल्हापूर महामार्गावर तासन्‌तास धावणाऱ्या, लाख किलोमीटर झालेल्या गाडीचे इंजेक्टर स्वच्छ असू शकतात. उलट बाजार, बँक आणि देऊळ एवढ्याच दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणारी, दर फेरीत तापून बंद होणारी गाडी तीस हजारांतच मळलेली आढळते. यात आपल्याकडे भेसळीची भर पडली. रेशनच्या निळ्या रॉकेलसारखे जड, उशिरा उडणारे द्रव इंधनात मिसळले की मळ वाढतोच. आणि त्या धंद्याची मुळे किती खोल गेली होती, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ रोखण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आज जुन्या म्हणवणाऱ्या पुष्कळ गाड्या त्याच काळातील इंधनावर चालल्या आहेत.

हा मळ रसायनाने निघतो काय, याचा पुरावा जाहिरातींत शोधण्याचे कारण नाही. तो अमेरिकेच्या अनुभवात नोंदलेला आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथील गाड्यांत इंजेक्टर सार्वत्रिक होऊ लागताच तुंबण्याच्या तक्रारी वाढल्या, आणि अखेर १ जानेवारी १९९५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या सर्व पेट्रोलमध्ये मळ धरू न देणारे डिटर्जंट मिसळणे कायद्याने बंधनकारक झाले. त्यासाठी ठरविलेली चाचणी मोठी मार्मिक आहे: गाडी ताशी ५५ मैलांनी पंधरा मिनिटे चालवावयाची, मग पंचेचाळीस मिनिटे बंद ठेवून तापू द्यावयाची, आणि हा क्रम दहा हजार मैल भरेपर्यंत चालू ठेवावयाचा, अखेरीस कोणत्याही एका इंजेक्टरचा प्रवाह ५ टक्क्यांहून अधिक घटता कामा नये. म्हणजे चाचणी करणाऱ्यांनी गाडीचा छळ करण्यासाठी वेगाची निवड न करता वारंवार थांबण्याची निवड केली. पुढे हे किमान प्रमाण अपुरे वाटून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या कंपन्यांनी 'टॉप टिअर' नावाचे अधिक कडक प्रमाण पुढे आणले. आणि २०१६ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने करविलेल्या तुलनेत, चार हजार मैलांच्या बरोबरीच्या चाचणीनंतर, त्या प्रमाणाबाहेरील पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट अधिक मळ ठेवल्याचे दिसले.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. डिटर्जंट खरोखर काम करते, हा पहिला. आणि त्याची सर्वांत योग्य जागा पेट्रोलमध्येच, अत्यल्प पण अखंड मात्रेत आहे, हा दुसरा. स्वच्छ इंजेक्टर स्वच्छ ठेवण्यास जी मात्रा पुरते, तिच्या अनेक पट मात्रा आधीच बसलेला थर काढण्यास लागते. बाटली म्हणजे ही साठलेली बाकी एका हप्त्यात फेडण्याची तजवीज होय. भारतात २००२ च्या सुमारास भारत पेट्रोलियमचे 'स्पीड', हिंदुस्तान पेट्रोलियमचे 'पॉवर' अशी वाढीव किमतीची पेट्रोले आली, त्यांचा दावाही अशाच मिश्रद्रव्यांचा आहे. मात्र येथे एक घोटाळा टाळला पाहिजे: ऑक्टेनचा आकडा आणि शुद्धीकरण यांचा परस्परसंबंध नाही. ऑक्टेन म्हणजे अवेळी पेट न घेण्याची क्षमता. तो आकडा मोठा असल्याने इंजेक्टरवरील राळ विरघळत नाही.

बाटल्याबाटल्यांत मोठे अंतर असते ते यातील रसायनामुळे. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक नायट्रोजनयुक्त असून ते मळाला चिकटते. दुसरे लांब हायड्रोकार्बनी शेपूट पेट्रोलमध्ये विरघळलेले राहते, आणि त्याच्या ओढीने मळाचे कण सुटून इंधनाबरोबर जळून जातात. या कुळातील दोन नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन हे इंजेक्टर व व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवण्यास समर्थ आहे, परंतु जास्त मात्रेत ते ज्वलनकक्षात स्वतःचाच अवशेष ठेवू शकते. पॉलिइथर अमाइन, ज्याचा वापर शेव्हरॉन कंपनीने १९८० च्या सुमारास सुरू केला, ते अधिक उष्णता सोसते आणि ज्वलनकक्षातही फारसा अवशेष ठेवीत नाही, म्हणून बसलेला थर काढण्यासाठी तेच श्रेयस्कर मानले जाते. स्वस्त बाटल्यांत यांपैकी काहीच नसून रॉकेलच्या जातीचे द्रावक आणि थोडे अल्कोहोल असू शकते, व त्यांनी करपलेली राळ फारशी हलत नाही. तेव्हा बाटली घेण्यापूर्वी तिच्यावरील, किंवा कंपनीने प्रसिद्ध केलेल्या सुरक्षा-पत्रकातील, घटक पाहावेत. जेथे पॉलिइथर अमाइनचा उल्लेख नाही आणि घटकांबद्दल मौन पाळलेले आहे, तेथे पैसे खिशातच ठेवावेत.

आता मर्यादांकडे वळू. उत्तमातील उत्तम क्लीनर राळ काढील. पण झिजलेली सुई भरून काढणार नाही, जळालेले वेटोळे जोडणार नाही, कडक झालेले ओ-रिंग मऊ करणार नाही, आणि इंजेक्टरच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या बारीक जाळीत अडकलेला टाकीचा गंज विरघळवणार नाही. अ‍ॅव्हरेजच्या आश्वासनाबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचविण्याचा दावा करणारी शंभरांहून अधिक साधने व द्रव्ये तपासली, आणि त्यांतील कोणत्याही एकाने लक्षणीय बचत होते असे तिला आढळले नाही. क्लीनर हरवलेले अ‍ॅव्हरेज परत देऊ शकतो, पण मळामुळे हरवले असेल तेवढेच. ज्या इंजिनात मळ नाही त्याला तो काहीही देत नाही.

आणि सध्याच्या काळात अ‍ॅव्हरेज घटण्याचे एक कारण असे आहे, की ज्याचा इंजेक्टरच्या मळाशी काडीचाही संबंध नाही. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२२ च्या जूनमध्ये गाठला, २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्के मिश्रण पंपांवर येऊ लागले, आणि २०२५ पर्यंत तेच सर्वसाधारण झाले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना यातून मोठा आधार मिळाला हे खरे. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि म्हणून वीस टक्के मिश्रणात केवळ अंकगणितानेच शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा टक्क्यांच्या आसपास तूट येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींच्या बाबतीत, सहा ते सात टक्के घट नोंदलेली आहे. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी चौदावर आली, तर ही तूट इंधनातच आहे आणि कोणतीही बाटली ती भरून काढणार नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या टाकीच्या तळचा गाळ सुटा करते. तो फिल्टरमध्ये अडकून पेट्रोलचा दाब उतरला, की लक्षणे हुबेहूब तुंबलेल्या इंजेक्टरची दिसतात, आणि तेथे उपाय असतो तो फिल्टर बदलण्याचा.

म्हणून खर्चापूर्वी तपास हवा, आणि त्याची साधने वाटतात तेवढी दुर्मिळ नाहीत. पहिले साधन प्रत्येक गाडीच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेले असते: पीयूसीचा दाखला. त्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचे प्रमाण छापलेले असते; मागील तीन-चार दाखले शेजारी मांडून पाहावेत. कार्बन मोनॉक्साइड चढत असेल तर मिश्रण घट्ट होत आहे, कदाचित इंजेक्टर गळत आहे; हायड्रोकार्बन चढत असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडत आहे, म्हणजे प्लग, कॉइल किंवा तुषार यांत दोष आहे. दुसरे साधन अनुभवी मिस्त्रीचा कान: चालू इंजिनात स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावली, की आतील सुईची टिकटिक ऐकू येते, आणि चौघांपैकी एखाद्याचा आवाज मंद असेल तर तो लगेच कळतो. तिसरे साधन स्कॅनर. विशेषतः २०१३ नंतरच्या गाड्यांत त्यावर 'फ्युएल ट्रिम' वाचता येतो. ईसीयू कायम दहा टक्क्यांहून अधिक पेट्रोल वाढवून देत असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा कोठून तरी मोजणीबाहेरची हवा शिरत आहे. एअर फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडी आणि व्हॅक्यूमचे पाइप हे आधी पाहून घेतल्यावर उरलेला संशय इंजेक्टरवर घ्यावा.

संशय बळावला आणि बाटलीने फरक पडला नाही, तर पुढचा मार्ग इंजेक्टर उतरवून अल्ट्रासॉनिक यंत्रात धुण्याचा. द्रवातील अतिसूक्ष्म बुडबुडे फुटताना होणाऱ्या आघातांनी थर सुटतो, जाळ्या व ओ-रिंग नवे बसवले जातात. आणि मुख्य म्हणजे चारही इंजेक्टर एकाच वेळी काचेच्या मोजनळ्यांवर चालवून कोणी किती मिलिलिटर दिले, हे धुण्याआधी आणि नंतर मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. बाटलीच्या बाबतीत सुधारणा मानावी लागते, येथे ती मोजता येते. म्हणून खर्च अधिक असूनही बिघडलेल्या गाडीसाठी हाच पैसा अधिक खात्रीचा.

दोन प्रकारच्या गाड्यांना वरील विवेचन जसेच्या तसे लागू पडत नाही. अलीकडच्या पुष्कळ टर्बो-पेट्रोल गाड्यांत इंधन थेट सिलिंडरात सोडले जाते. तेथे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला स्पर्शच करीत नसल्याने टाकीत ओतलेले क्लीनर इंजेक्टरपर्यंत पोहोचले तरी व्हॉल्व्हवरील मळ धुऊ शकत नाही. डिझेलमध्ये नॉझलची विद्या आपल्याकडे जुनी आहे. नाशिकच्या सातपूर वसाहतीतील, लोकांच्या तोंडी 'मायको' म्हणून रुळलेला कारखाना त्याच कामासाठी ओळखला जातो, आणि तालुक्याच्या गावीही पंप-नॉझल तपासणारा कारागीर सापडतो. आजच्या कॉमन रेल पद्धतीत दाब हजार बारच्या पुष्कळ वर जात असल्याने पाणी व धूळ हे इंजेक्टरचे पहिले शत्रू ठरतात. तेथे फिल्टरमधील पाणी वेळेवर काढणे हे कोणत्याही क्लीनरपेक्षा मोलाचे आहे, आणि गळणाऱ्या नॉझलवर बाटलीचे प्रयोग करीत राहिल्यास पिस्टन जळण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

एवढ्या विचारानंतर फैसला असा: जुनी, साध्या एमपीएफआय पद्धतीची पेट्रोल गाडी असेल, तिच्या फेऱ्या तोकड्या असतील, आणि इंजिन बाकी सुस्थितीत असेल, तर पॉलिइथर अमाइनयुक्त बाटली वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला एकदा वापरणे हा माफक आणि समर्थनीय खर्च आहे. ती टाकीत आधी ओतून वर पेट्रोल भरावे म्हणजे मिश्रण नीट होते. मात्रा वेष्टनावर दिली आहे तेवढीच घ्यावी. ती टाकी शक्यतो एका लांबच्या प्रवासात संपवावी. आणि काही अंश इंजिन-ऑइलमध्ये उतरत असल्याने हा प्रयोग ऑइल बदलण्याच्या थोडा आधी करावा. दर टाकीला बाटली ओतण्याची वहिवाट मात्र निरर्थक आहे. जुन्या गाडीवरील पैशाचा क्रम फिल्टर, प्लग आणि तपासणी यांपासून सुरू होतो, त्यानंतर चांगले इंधन आणि महिन्यातून एखादी लांबची धाव येते, आणि बाटलीचा नंबर त्यानंतर लागतो. तिच्याने फरक पडला नाही तर दुसरी बाटली न घेता गाडी मोजनळ्या असलेल्या कारागिराकडे न्यावी.